बेगमी

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सांगलीहून बाबांचा फोन आला. "अगं, सीपीयूतून आवाज येतोय. पाल चुकचुकल्यासारखा."

आमच्या घरी सीपीयू म्हणजे टेबलाखालची अख्खी पेटी. मी इंजिनिअर झाले, नोकरीला लागले, तरी हा शब्द दुरुस्त करण्याच्या फंदात कधी पडले नाही. मी बाबांना फोन त्या पेटीजवळ धरायला सांगितला. आधी पंख्याची घरघर, मग एक शांत क्षण, मग कट्. कट्. कट्. पुन्हा घरघर.

"बाबा, बंद करा. आत्ता. आणि मी येईपर्यंत चालू करू नका."

"अगं पण लाइटबिल भरायचं होतं."

"मी फोनवरून भरते. तुम्ही बटणाला हात लावू नका."

पुढच्या तासाभरात मी स्वारगेटला होते.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर माहिती वाचणारं-लिहिणारं एक बारीक हेड फिरत असतं. आमच्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरायच्या. तबकडीचा व्यास साडेतीन इंचांहून थोडा जास्त धरला, तर तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं पळत असते. आणि हेड त्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक हजार पट कमी अंतरावर तरंगतं. कट् कट् आवाज येतो, तेव्हा बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नसते. ते परत मूळ जागी जातं, पुन्हा निघतं, पुन्हा चुकतं. आमची डिस्क हे किती दिवस करत होती कोण जाणे. बाबांना कमी ऐकू येतं. आई म्हणाली, तिला वाटलं की खरंच पाल आहे.

एसटीत बसल्याबसल्या मी नवीन डिस्क शोधायला लागले. पुणे ते सांगली पाच तास लागतात. माझ्यासारख्या माणसाला एवढा वेळ आणि मोबाइलचं नेटवर्क मिळालं, की ती सतरा टॅब उघडते. एसएसडी की हार्ड डिस्क? एक टीबी की चार? वॉरंटी तीन वर्षं की पाच? साताऱ्यापर्यंत मी दोन एसएसडींच्या टीबीडब्ल्यूची, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून होतील त्या आकड्याची, तुलना करत होते. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं, की बाबा आठवड्यातून दोनदा बिल भरतात आणि पत्त्यांचा गेम खेळतात. त्या हिशेबानं स्वस्तातली एसएसडीसुद्धा माझ्या नातवंडांपर्यंत पुरेल.

ही सगळी खटपट खरं तर मी एका विचारापासून पळण्यासाठी करत होते. त्या डिस्कवर अल्बम होते.

*

हा कॉम्प्युटर २०१२ च्या सुरुवातीला आला. बाबा तेव्हा एका पतपेढीत कॅशियर होते. त्यांनी महिनाभर कोटेशनं गोळा केली होती आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं टिपणं केली होती. दुकानदार म्हणाला, "काका, एक टीबीचं विसरा. थायलंडमध्ये पूर आलाय, हार्ड डिस्क महागल्यात." बाबांना वाटलं, हा आपल्याला येडा बनवतोय. पण ते खरं होतं. २०११ च्या उत्तरार्धात थायलंडमध्ये महापूर आला, बँकॉकच्या उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. जगातल्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या मोटर बनवणारे मोठे कारखाने तिथेच होते. काही आठवड्यांत जगभर किमती जवळपास दुप्पट झाल्या. आम्ही एक टीबीच्या बजेटमध्ये पाचशे जीबीची डिस्क घेऊन आलो. बाबा पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायचे, "थायलंडच्या पुराचं पाणी आमच्या खिशापर्यंत आलं."

पाहुणे हसायचे. आम्ही गावभागात राहतो. पुराचे विनोद करायचा आम्हाला हक्क आहे, असं तेव्हा वाटायचं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी होते. नवीन प्रिंटर आणला होता आणि त्याला वर स्कॅनर होता. बाबा म्हणाले, अल्बम स्कॅन कर, फोटोमागे एक रुपया देतो. घरात सात अल्बम होते. काळ्या कागदाचे, फोटोंना कोपरे लावलेले दोन. बाकीचे प्लास्टिकच्या खिशांचे. आजीआजोबांच्या लग्नापासून माझ्या पाचवीच्या गॅदरिंगपर्यंत सगळं त्यात होतं. मी तीन अल्बम केले. सहाशेवीस फोटो, सहाशेवीस रुपये. मग कंटाळा आला. एक फोटो काढायचा, काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, पट्टी सरकेपर्यंत थांबायचं. मैत्रिणी पन्हाळ्याला निघाल्या होत्या. "उरलेले दिवाळीत करते," असं मी सांगितलं. पुढच्या तीन दिवाळ्यांत ते झालं नाही.

ऑगस्ट २०१९. मी पुण्यात नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. कोयनेतून विसर्ग वाढला, कृष्णेचं पाणी चढायला लागलं. बाबा निवांत होते. २००५ च्या महापुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं. भिंतीवर त्याची खूण होती आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक महत्त्वाची वस्तू त्या खुणेच्या वर ठेवलेली असायची. अल्बम लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात होते, म्हणजे खुणेच्या चांगले दोन फूट वर.

त्या संध्याकाळी मी फोनवर काय बोलले, ते मला शब्दशः आठवतं. "बाबा, सीपीयू माळ्यावर टाका. वायरी काढून फक्त ती पेटी. बाकी राहू दे."

बाकी राहू दे.

बाबांनी, सत्तावन्न वर्षांच्या माणसानं, शिडीवरून ती पेटी एकट्यानं माळ्यावर चढवली, वर प्लास्टिक बांधलं. मग आई-बाबा विश्रामबागला मावशीकडे गेले. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २००५ पेक्षा तीन-चार फूट जास्त. आमच्या घरात पाणी बाबांच्या खांद्याला लागेल इतकं चढलं आणि बरेच दिवस उतरलं नाही.

घर उघडलं तेव्हा अल्बमच्या विटा झाल्या होत्या. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो. वाळताना समोरच्या फोटोला किंवा प्लास्टिकला चिकटून बसतो आणि सोडवायला गेलं की चित्र कागद सोडून निघून येतं. मला नंतर कळलं, की असे फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू वेगळे करायचे असतात. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्येही ठेवता येतात. आम्ही ते उन्हात वाळवले. सांगलीत त्या आठवड्यात सगळेच सगळं उन्हात वाळवत होते.

सातही अल्बम गेले. पण येणारा-जाणारा म्हणायचा, "कॉम्प्युटरवर आहेत ना?" आणि आम्ही म्हणायचो, "हो, आहेत." तीन आहेत आणि चार नाहीत, हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. एकमेकांशीही त्यावर बोललो नाही.

त्या "आहेत"वर मी सहा वर्षं काढली. नोकरीत माझं काम डेटाबेसचं आहे. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशा लोकांच्या किराणा मालाच्या ऑर्डरी तीन वेगवेगळ्या इमारतींमध्ये जपल्या जाव्यात, एक इमारत बंद पडली तरी कुणाच्या तूरडाळीची नोंद हरवू नये, याचा मला पगार मिळतो. घरच्या सहाशेवीस फोटोंची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती.

*

घरी पोचल्यावर मी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली आणि फक्त तिची तब्येत वाचली. प्रत्येक डिस्क स्वतःबद्दल काही नोंदी ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. किती तास चालली, किती सेक्टर खराब झाले म्हणून बदलून घेतले, किती सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले आहेत. आमची डिस्क एकवीस हजार तास चालली होती आणि लटकलेल्या सेक्टरांचा आकडा शून्य नव्हता. हा आकडा शून्यावरून हलला की डिस्क बदलायची, एवढं प्रत्येकानं लक्षात ठेवावं. मोफत मिळणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर एका मिनिटात तो दाखवतं.

पण उलटं खरं नाही. आकडा शून्य आहे म्हणजे डिस्क सुरक्षित आहे, असं नाही. गूगलनं २००७ मध्ये आपल्या लाखभर डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कनी स्मार्टच्या चार सगळ्यात भरवशाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. भिंतीवरची २००५ ची खूण अशीच होती. पाणी एकदा इथपर्यंत आलं होतं, एवढंच ती सांगत होती. आम्ही तिला पाणी यापुढे जाणार नाही असं वाचलं.

आजारी डिस्क फार वेळ चालवायची नसते, आणि तिच्यावरचं उतरवून घ्यायला दुसरी डिस्क लागते. म्हणून बाबा आणि मी संध्याकाळीच विश्रामबागच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं माझा प्रश्न ऐकला आणि उत्तर बाबांना दिलं. "काका, एम टू घ्या, रॉकेट आहे." मी म्हटलं, आमच्या २०१२ च्या बोर्डावर एम टूची खाच नाही, साधी साटा एसएसडी लागेल. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग मॅडम, डेटासाठी चार टीबी घ्या. एकदाच घ्यायची, मोठी घ्यायची."

एसटीतल्या पाच तासांत मी हाच प्रश्न घोळवत होते: कोणती डिस्क मरणार नाही? दुकानात उभं राहून लक्षात आलं की प्रश्नच चुकलाय. प्रत्येक डिस्क मरते. बॅकब्लेझ नावाची साठवणुकीचा धंदा करणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या मरणाचे आकडे जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत वर्षाला शंभरात साधारण एक-दोन डिस्क जातात. हा आकडा छोटा वाटतो. पण आपल्याकडे शंभर डिस्क नसतात. एकच असते, आणि ती एकतर असते किंवा नसते.

आता दोन डिस्क घ्या. प्रत्येकीची वर्षभरात जाण्याची शक्यता दोन टक्के धरली, तर दोन्ही जाण्याची शक्यता पन्नासात एक गुणिले पन्नासात एक, म्हणजे अडीच हजारात एक. जगातली सगळ्यात महाग डिस्क घेऊनही एवढी सुरक्षितता मिळत नाही. फक्त या गुणाकाराला एक अट आहे, आणि कॉलेजात ती आमच्याकडून घोकून घेतलेली होती: दोन्ही घटना स्वतंत्र असल्या पाहिजेत. एकाच पेटीतल्या दोन डिस्क विजेच्या एकाच झटक्यानं जातात. एकाच घरातल्या दोन डिस्क एकाच पुरात जातात. सात अल्बम होते, पण कप्पा एकच होता.

पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम हेच सांगतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. मी हा नियम ऑफिसात नव्या मुलांना शिकवते.

मी दुकानदाराला सांगितलं, "पाचशे जीबीची एक साटा एसएसडी, आणि एक टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क. दोन वेगळ्या कंपन्यांच्या."

"दोन कशाला?" बाबांनी विचारलं. "आणि वेगळ्या कंपन्यांच्या का?"

"एका कंपनीच्या एका घाण्यात काही बिघडलेलं असेल, तर दोन्ही एकदम जायला नकोत."

पतपेढीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. "म्हणजे दोन जामीनदार एकाच घरातले नकोत," ते म्हणाले.

दुकानदारानं एसएसडीच्याच एक्स्टर्नलचा आग्रह केला: पडली तरी फुटत नाही, वेगवान असते. दोन्ही खरं. कॉम्प्युटरच्या आत, विंडोज चालवायला, मी एसएसडीच घेतली; ज्यांच्या घरी अजून जुनी हार्ड डिस्क आहे आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा होतो, त्यांनी एवढा एक बदल जरूर करावा. पण कपाटात वर्षभर ठेवून द्यायची प्रत वेगळी. एसएसडीत माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. वीज न देता ती नुसती पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत आणि वापरून जुनी झालेली असेल तर जास्त लवकर. चुंबकीय तबकडीचं तसं नाही. ठेवून द्यायला ती बरी, आणि स्वस्तही.

आणखी एक गोष्ट मी एसटीत वाचली होती. हल्लीच्या बऱ्याच छोट्या, स्वस्त डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधलंच एक कौल बदलायचं झालं तर वरची कौलं उचलून पुन्हा बसवावी लागतात. म्हणून सतत लिहायचं असेल तर अशी डिस्क रखडते. ही गोष्ट काही डिस्कवर कंपन्यांनी सांगितलीच नव्हती, त्यावरून २०२० मध्ये बराच गदारोळ झाला आणि कंपन्यांना याद्या जाहीर कराव्या लागल्या. पण वर्षातून एकदा भरून कपाटात ठेवायला कौलारू डिस्कही चालते. प्रत्येक कामाला सगळ्यात भारी वस्तू लागत नाही, हे मला पाच तास आणि सतरा टॅबनंतर कळलं.

बिल साडेतेरा हजारांच्या आसपास झालं. घरी आल्यावर बाबांनी नवी डिस्क जोडलेली पाहिली आणि चष्मा सावरला. "एक टीबी म्हणाला ना? इथं ९३१ जीबी दिसतंय. एकोणसत्तर कुठं गेले?"

कंपनी हजाराच्या पाढ्यानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून तोच माल दोन आकड्यांनी दिसतो, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, "दोन काट्यांवर धंदा करतात तर!"

*

रात्री जेवणं झाल्यावर मी काम सुरू केलं. अशा डिस्कवर सरळ कॉपी-पेस्ट करायचं नसतं. खराब जागी आली की कॉपी तिथेच धडका मारत बसते आणि आजारी डिस्क त्यातच दम तोडते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं एक साधन आहे. ते आधी सोपी जागा उचलतं, अडलेली जागा नोंदवून पुढे जातं आणि चांगलं सगळं हाती आल्यावर मग अडलेल्या जागांकडे परततं. अर्थात आवाज खूपच वाढला असता तर मीही थांबले असते. हेड तबकडीला घासत असेल, तर घरगुती उपाय करायचे नसतात. धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्यांकडेच द्यावी लागते.

रात्रभर मी आणि बाबा पडद्यावरचे आकडे बघत बसलो. काळ्या पडद्यावर वाचलेले, न वाचलेले, चुकलेले एवढंच दिसत होतं. मधेच कट् कट् व्हायचं आणि आकडा थांबायचा. आम्हीही थांबायचो. मग तो पुढे सरकायचा. पहाटे साडेचारला ते संपलं. पाचशे जीबीपैकी एक-दीड एमबी सोडून सगळं उतरलं होतं.

सकाळी मी मोजदाद केली. वापरलेली जागा २१२ जीबी. त्यात विंडोज, माझे कॉलेजचे प्रोजेक्ट, कुठूनही पुन्हा मिळतील असे सिनेमे. स्कॅन केलेल्या तीन अल्बमांचं फोल्डर मी शेवटी उघडलं. त्याचा आकार बघितला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. एक जीबीसुद्धा नव्हता. फुकटच्या क्लाउडमध्ये तो पंधरा वेळा मावला असता. सहा वर्षांत कुठल्याही एका संध्याकाळी, चहा निवेपर्यंत, हे काम झालं असतं. इतक्या वर्षांत माझ्याकडे जागेची कमतरता कधीच नव्हती.

त्या एक-दीड एमबीच्या भोकात तीन फोटो अडकले होते. दोन गॅदरिंगचे. तिसरा आजोबांच्या घराच्या पायरीवरचा होता. वरच्या भागात तीन माणसांचे चेहरे, आणि खाली सपाट राखाडी रंग.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "खाली मी आहे," ते म्हणाले. "आईच्या मांडीवर. पायात एकच बूट आहे, दुसरा विहिरीत टाकला होता. आणि त्या बाजूला मोत्या कुत्रा."

मी एक टेक्स्ट फाइल उघडली आणि ते बोलले ते टाइप केलं. मग बाबा दुसऱ्या फोटोंबद्दल बोलायला लागले, न स्कॅन केलेल्या चार अल्बमांतल्या. कुणाच्या मुंजीत कोण रुसलं होतं, कुठल्या फोटोत आईनं माझ्या आत्याची साडी नेसली होती. आई स्वयंपाकघरातून दुरुस्त्या ओरडत होती. दुपारपर्यंत ऐंशीएक फोटोंच्या नोंदी झाल्या. फोटो नाहीत, पण त्यांत काय होतं ते आहे.

मधेच मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी फोनवर फक्त सीपीयूचं सांगितलं. अल्बमचं मला सुचलंच नाही."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटी वर टाकल्यावर माझ्याकडे अर्धा तास होता. कपाट समोरच होतं. मी खुणेकडे बघितलं आणि म्हटलं, एवढं वर येत नाही." आणि मग, "चल, ते पुढचं लिही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्कवर प्रती केल्या आणि चेकसम काढले. फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून एक छोटी खूण काढायची. अक्षर बदललं की खूण बदलते. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या, तर प्रत शुद्ध. बाबा श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. ते म्हणाले, "म्हणजे नाथांनी केलं तेच. पाठ ताडून बघायचा." एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरांनंतर जवळपास तीनशे वर्षं उलटली होती. तोवर ती पोथी टिकली, कारण कुणी ना कुणी ती उतरवून घेत राहिलं. माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या डबीचं आयुष्य पाच-सात वर्षं धरून चालायचं. ती संपायच्या आत पुढची घ्यायची, आणि पुन्हा उतरवायचं. डिस्क निवडणं हे एकदाच करून मोकळं व्हायचं काम नाही, हे मला पस्तीस जणांच्या टीमला शिकवता येतं, आणि घरी मात्र आईनं शिकवावं लागलं.

त्याच आठवड्यात आई गहू वाळवत होती. वर्षाचा गहू उन्हात घालायचा, निवडायचा, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरायचा. गेल्या वर्षी भरला म्हणून यंदा सुटका नाही. मृग लागायच्या आत तिची एक यादी असते: गहू, डाळी, तिखट, पापड, छपराची डागडुजी. ही पावसाळ्याची बेगमी. फ्रीजवर चिकटवलेल्या त्या यादीत तिनं खाली एक ओळ वाढवली. "फोटो उतरवणे."

एक डिस्क सांगलीत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. भिंतीवरच्या दोन्ही खुणांच्या वर, पण आता आम्ही खुणांवर विसंबत नाही. दुसरी पुण्यात माझ्याकडे, चौथ्या मजल्यावर. तिसरी प्रत क्लाउडमध्ये. आणि बाबांच्या हट्टानं चौथी: निवडक शंभर फोटो छापून घेतले, मागे त्यांच्या अक्षरात नावं. कागदाला चार्जर लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी मी सांगलीला गेले तेव्हा पुण्याची डिस्क सोबत नेली. दोन्ही जोडल्या, वर्षभराचे नवे फोटो घातले, खुणा ताडल्या. सगळ्या जुळल्या. टेक्स्ट फाइल आता दोनशे दहा नोंदींवर गेली आहे. परतताना आईनं पिशवीत मेतकूट, उडदाचे पापड आणि पाच किलो गहू भरले, आणि डिस्क जुन्या पंचात गुंडाळून मधोमध ठेवली.

"वर ठेव," बाबा म्हणाले. मी पिशवी गाडीच्या रॅकवर ठेवली.